वाघ मोजता, तारा कधी मोजणार?

रात्रीचे दोन वाजलेत, वारा नाही, पाऊस नाही, आणि अकरा केव्हीचा फीडर ट्रिप होतो. सबस्टेशनवरचा ऑपरेटर लाईन पुन्हा चार्ज करतो. ती क्षणभर टिकते, पुन्हा पडते. गावातला माणूस कूस बदलून म्हणतो, लाईट गेली. जंगलाकाठी नोकरी केलेल्या लाईनमनच्या मनात मात्र वेगळी शंका येते. कुठेतरी कुणीतरी तारेवर आकडा टाकलाय, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी चिकटलंय. रानडुक्कर असेल, चितळ असेल, शेजाऱ्याची म्हैस असेल. वाघही असू शकतो. धुऱ्यावरून मोटार बंद करायला निघालेला एखादा पोरगाही असू शकतो.

मी बालाघाट जिल्ह्यात वीज खात्यात हेल्पर म्हणून लागलो आणि लाईन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. बैहरच्या डोंगरात खांब उभे केले, लालबर्ऱ्याच्या सागवनातून फांद्या छाटत फिरलो, वारासिवनी-किरनापूरच्या धानाच्या बांध्यांतून पोटरीभर चिखलात लाईन ओढली. जंगलावर लिहायचं काम अभ्यासकांचं आणि भल्यामोठ्या लेन्सवाल्यांचं, हे मला मान्य आहे. पण खांबावर चढल्यावर जे दिसतं ते जिप्सीत बसून दिसत नाही, म्हणून हे लिहितोय.

विदर्भातल्या वाचकाला बालाघाट परका नाही. 1956 पर्यंत आपण एकाच राज्यात होतो आणि राजधानी नागपूर होती. मग राज्यांची फेरमांडणी झाली, भंडारा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो, आणि बाघ नदी मधली हद्द झाली. माझं आजोळ आमगावचं. आमच्या घरात मराठी, अंगणात पोवारी आणि ऑफिसात हिंदी, असा कारभार आजही चालतो. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल, खाली वैनगंगेचं खोरं धानाचं. इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो शिजला की चार घरं पलीकडे वास जातो. पोटात मँगनीज आणि तांबं आहे, भरवेलीला आणि मलाजखंडला ते खणून काढतात. नक्षल्यांच्या बातम्यांखेरीज आमचं नाव पेपरात आलं तर ते कान्ह्यामुळे. कान्ह्याचं मुक्की गेट आमच्या जिल्ह्यात आहे, सुपखारचं रानही आमचंच.

कान्ह्याबद्दल मला अभिमान आहे, तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला जंगलखात्याचा वैरी समजणार नाही. कडक जमिनीवर राहणारा बारशिंगा जगात फक्त मध्य भारतात उरला होता, आणि 1970 च्या सुमारास तो इथे 66 वर आला होता. अवघे 66. त्यांच्यासाठी कुंपण घातलं, कुरणातली गावं हलवली, गवत वाढू दिलं. आज ते शेकड्यांनी आहेत, आणि 2015 पासून इथले बारशिंगे सातपुड्यात नेऊन सोडले, अलीकडे बांधवगडलाही पाठवले. बांधवगडात गवे संपले होते, तिथेही 2011 पासून कान्ह्याचेच गवे ट्रकमधून गेले. हे काम लहान नाही. गावं हलली त्या बैगा आणि गोंड लोकांच्या वाट्याला काय आलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो फारसा गौरवाचा नाही.

पण कान्ह्याच्या यशानं आमच्या डोक्यात एक खूळ बसवलं. प्राणी गेटच्या आत असतात, आणि गेटच्या बाहेर जे असतं ते भटकलेलं. वर्तमानपत्रंही तसंच लिहितात, वाघ ‘भरकटला’, गवा ‘वाट चुकला’. तो वाट चुकलेला नसतो. कान्हा आणि पेंच यांच्यामधलं जंगल वाघाच्या येण्या-जाण्याचं आहे, हे अभ्यासकांनी वाघांच्या जनुकांवरून दाखवलंय. ती वाट आमच्या जिल्ह्यातून आणि शिवनीतून जाते. लालबर्ऱ्याकडचं सोनेवानीचं जंगल, लौगूरचा डोंगर, उकव्याची खाण, गोंदिया-जबलपूरची रेल्वे आणि त्यामध्ये पेरलेली शेकडो गावं. 2022 च्या गणनेत मध्य प्रदेशात 785 वाघ निघाले, देशात सर्वात जास्त. महाराष्ट्रात 444. इतके वाघ कुठल्या गेटच्या आत मावणार? ते चालणारच. आणि ते ज्या रानातून आणि शेतातून चालतात, तिथे माझ्या खात्याच्या तारा आहेत.

आता आकड्याबद्दल. शिकारी टाकतो तो एक आकडा, शेतकरी टाकतो तो दुसरा. कायद्याला दोन्ही सारखे. विद्युत कायदा 2003 चं कलम 135 वीजचोरीचं, आणि वन्यजीव कायदा वेगळा. मला दोन्ही सारखे वाटत नाहीत. लोंबी भरली की डुकरांचा कळप एका रात्रीत बांधी लोळवून टाकतो. धानाचं जे उरतं त्यात चिखल मिसळतो. सकाळी शेतकरी भरपाईला निघतो तेव्हा आमच्या बाजूला त्याला महसूल खात्याकडे जावं लागतं, पटवारी येतो, पंचनामा करतो, नुकसान किती टक्के ते ठरवतो. बाघ नदीच्या पलीकडे आमगाव-सालेकशाला तेच डुक्कर तेच नुकसान करतं, आणि तिथे अर्ज वनखात्याकडे जातो. नदी ओलांडणाऱ्या डुकराला याची कल्पना नसते. दोन्हीकडे पैसे येईपर्यंत पुढची रोवणी आलेली असते. एवढं सगळं करून हातात येणारा पैसा आणि दुकानात मिळणारी बाइंडिंग तार यांचा हिशेब माणूस मनात मांडतो. मी त्याचं समर्थन करत नाही. करंट लावलेल्या तारेनं मेलेली माणसं खाली उतरवण्याचं काम मी केलंय, त्यावर अजून लिहवत नाही. पण हा हिशेब बदलल्याशिवाय नुसत्या कलमांनी आकडे उतरणार नाहीत, हेही मी पाहिलंय.

शिकाऱ्याचं तसं नाही. तो अंधाऱ्या पंधरवड्यात येतो, पाणवठ्याकडे जाणारी पायवाट निवडतो आणि पहाटेआधी तार गुंडाळून नेतो. त्याला पकडायचं साधन आमच्याकडे आधीपासून आहे, आणि ते कुणी वापरत नाही याचा मला आजही राग येतो. प्रत्येक सबस्टेशनवर लॉगशीट असते. फीडर किती वाजता पडला, किती वेळा पडला, कोणता रिले लागला, सगळं ऑपरेटर हातानं लिहितो. अर्थ फॉल्ट दाखवतोय, वादळ नाही, फांदी पडलेली नाही, तेच फीडर पुन्हा पुन्हा मध्यरात्रीनंतर, म्हणजे शंका घ्यायला जागा आहे. वनखात्याकडे बीटचे नकाशे असतात, त्यात मेलेली जनावरं कुठे सापडली याच्या नोंदी असतात. या दोन वह्या एका टेबलावर ठेवल्या तर कुठल्या फीडरच्या कुठल्या भागात कधी गस्त घालायची, ते बारावी पास पोरगाही सांगेल. वीज आणि वन खात्यांची संयुक्त गस्त परिपत्रकात आहे. प्रत्यक्षात ती एखादा वाघ मेल्यावर पंधरा दिवस चालते, फोटो निघतात, मग रेंजरची गाडी आणि आमची गाडी आपापल्या रस्त्याला लागतात.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. कोरड्या जमिनीतून करंट नीट वाहत नाही, त्यामुळे पुष्कळदा तार जमिनीवर पडली तरी, जनावर चिकटलं तरी, फीडर ट्रिपच होत नाही. रिलेला वाटतं, कुणीतरी थोडा जास्त लोड घेतोय. बारीक अर्थ फॉल्ट ओळखणारे रिले मिळतात, जंगलातून जाणाऱ्या फीडरवर आधी ते बसवावेत. आणि उघड्या तारेऐवजी आवरण असलेली केबल ओढली की तिच्यावर आकडा टाकताच येत नाही. गावठाणात वीजचोरी थांबवायला आम्ही ती मैलोनमैल ओढली आहे. चोरी थांबवायला परवडते ती केबल वाघाच्या वाटेवर परवडत नाही, हे गणित मला कुणी इंजिनिअरनं कधी समजावून सांगितलं नाही.

आता सारस. माझ्या मते बालाघाटचं खरं वैभव वाघ नाही, सारस आहे, आणि इथे मी माझ्या जिल्ह्याच्या पर्यटन मंडळींशी जाहीर भांडायला तयार आहे.

वाघ ताडोबात आहे, पेंचमध्ये आहे, उमरेडलाही दिसतो. महाराष्ट्रात सारस मात्र जवळजवळ सगळा गोंदियातच, भंडाऱ्यात थोडा, आणि आमच्या बाजूला वैनगंगा-बाघच्या काठानं त्यांच्याहून जास्त. गोंदियाची सेवा संस्था दर जूनमध्ये दोन्ही जिल्ह्यांत गणना करते. अलीकडच्या वर्षांत गोंदियात तिशीच्या आसपास आणि बालाघाटात चाळिशीच्या पुढे, असा आकडा फिरतोय. दोन्ही मिळून शंभरही नाहीत. उत्तर प्रदेशात हजारोंनी आहेत, तिथे तो राज्यपक्षी आहे. आमच्याकडे तो बांधीचा पक्षी आहे. माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वात उंच, लाल डोक्याचा, जोडीनं फिरणारा. पावसाळ्यात रोवणी झालेल्या बांधीत गवत आणि देवनळाच्या काड्या रचून तो घरटं बांधतो. साधारण दोन अंडी. महिनाभर नर-मादी आळीपाळीनं बसतात. शेतकऱ्याची तेवढी जागा जाते, भोवतालचा धानही तुडवला जातो. तरी बहुतेक शेतकरी त्याला हात लावत नाहीत. गोंदियाकडे अशा शेतकऱ्यांना सारसमित्र म्हणतात, त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. शाल छान आहे. पण भादव्यात निंदणीला निघालेली बाई घरट्याकडच्या ओळी सोडून वळसा घालून जाते, तिची मजुरी कुणी देत नाही.

सारस कशानं मरतो याची यादी मोठी आहे. कीटकनाशकं आहेत, मोकाट कुत्री आहेत, बोड्या आणि तलाव बुजले आहेत, उन्हाळी धानाच्या पाण्याची ओढाताण आहे. या सगळ्यांवर माझ्यापेक्षा जास्त जाणणारी माणसं बोलतात. मी तारेचं सांगतो. अकरा केव्हीच्या खांबावर तीन तारा असतात, बाजूच्या दोन तारांमधलं अंतर साधारण साडेतीन फूट. सारसाच्या पंखांचा पसारा आठ फुटांच्या घरात. चिमणी, कोतवाल, अगदी कावळाही एका तारेवर बसला तर त्याला काही होत नाही, कारण तो दुसऱ्या तारेला टेकत नाही. सारस तारेवर बसत नाहीच. तो बांधीतून उठतो. जड पक्षी आहे, त्याला चार-सहा पावलं धावून उठावं लागतं आणि बराच वेळ कमी उंचीवरून उडत जावं लागतं. पहाटेच्या धुक्यात तार दिसत नाही. एक पंख इकडे, एक तिकडे, संपलं. दोन्ही जिल्ह्यांत असे सारस मेलेले नोंदलेले आहेत. जोडीतला एक गेला की दुसरा कित्येक दिवस तिथेच घुटमळतो, हे गावातले लोक सांगतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोष्टींमुळे त्यात थोडी भरही पडली असेल, पण जोडी फुटली की त्या हंगामाचं घरटं गेलं, एवढं तर नक्कीच.

या तारा तिथे गेल्या कशा? नदीकाठच्या मोटारींसाठी. वैनगंगेवर आणि बाघवर पंप बसले, उन्हाळी धान सुरू झालं, आणि प्रत्येक पंपाला लाईन हवी. सारसाला जे ओलं, सपाट, मोकळं रान लागतं, बरोब्बर त्याच पट्ट्यातून आम्ही खांब रोवत गेलो. त्यावेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही की इथे जोडपं राहतं. आम्हीही विचारलं नाही. एस्टिमेटच्या फॉर्ममध्ये झाडांसाठी रकाना होता, घरं-रस्ते-रेल्वे ओलांडण्यासाठी होता. पक्ष्यासाठी नव्हता.

पाच-सहा वर्षांपूर्वी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाची स्वतःहून दखल घेतली. सरकारला समित्या कराव्या लागल्या, आराखडे करावे लागले, तारांचा विषयही निघाला. कोर्टानं कान पिळल्याशिवाय हे झालं नसतं. पण तो आदेश बाघ नदीच्या दक्षिण काठापर्यंत चालतो. सारस रात्री मुक्कामाला उत्तर काठावर आला की तो जबलपूरच्या न्यायालयाच्या हद्दीत येतो, दुसऱ्या वनखात्याच्या, दुसऱ्या वीज कंपनीच्या. गोंदियाजवळच्या परसवाडा तलावावर दिसलेला सारस आणि आमच्याकडच्या वाळूच्या दांड्यावर दिसलेला सारस एकच असू शकतो, म्हणून तर गणना दोन्हीकडे एकाच आठवड्यात करतात. मोजताना जे एक धरता ते राखताना दोन का धरता, हा माझा सरळ प्रश्न आहे. दोन जिल्ह्यांच्या कलेक्टरांची, दोन डीएफओंची आणि दोन्ही वीज कंपन्यांच्या अधीक्षक अभियंत्यांची वर्षातून एक बैठक व्हायला कुठला आंतरराज्य करार लागत नाही. चहा आणि एक नकाशा पुरतो.

खर्चाचा मुद्दा निघतोच. माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं होतं. सौरऊर्जेच्या मोठ्या लाईन तिथून जातात, सरकारनं हात वर केले, आणि 2024 मध्ये न्यायालयानं तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. आमच्याकडचे साहेब लगेच त्याचा दाखला देतात, बघा, तिथेही जमलं नाही. तिथली गोष्ट शेकडो किलोमीटरच्या उच्च दाबाच्या लाईनची आहे. आमची अकरा केव्हीची, गाववस्तीची. सारसाची जोडपी आणि त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, वर्षानुवर्षं त्याच. त्या जागांभोवतीचे मोजके स्पॅन घ्या, तिथे आवरणाची केबल ओढा, जमेल तिथे लाईन बांधीच्या कडेनं वळवा, नाहीच तर तारेवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या अडकवा. लाईन बंद ठेवून एक टोळी हे काम करते. पावसाळ्याआधीच्या देखभालीत आम्ही याहून जास्त कामं करतो.

आमच्या गल्लीतल्या मुलांना मोबाईलमुळे अॅमेझॉनचं सगळं ठाऊक आहे. अॅनाकोंडा, जॅग्वार, टुकान, नावं तोंडपाठ. खवल्या मांजर मात्र त्यांनी नुसतं ऐकलंय, आणि ते त्यांच्या आजोळच्या जंगलात आहे. मी त्यांच्यावर चिडत नाही, मलाही ब्राझीलचं ते जंगल बघायला आवडतं. त्याच ब्राझीलमधली एक गोष्ट मी वाचली आणि माझ्या कामाची निघाली. बाहिया राज्यातल्या कोरड्या काटेरी रानात लिअरचा मकाव नावाचा मोठा निळा पोपट राहतो. जंगलात तो नेमका कुठे राहतो, हे हेल्मुट सिक या पक्षीतज्ज्ञाला 1978 मध्ये सापडलं, तेव्हा ते जेमतेम काही डझन होते. तिथल्या एका ताडाच्या जातीची फळं हे त्याचं मुख्य खाणं. ती कमी पडली की तो शेतकऱ्याच्या मक्यावर उतरतो. शेतकरी गोळी घालायचे. मग संस्थांनी नुकसान झालेल्या शेतकऱ्याला मक्याची पोतीच द्यायला सुरुवात केली. पैसा, पंचनामा वगैरे भानगड नाही, मका गेला तर मका घे. चोरटा व्यापार रोखला, घरट्यांचे कडे राखले, आणि पक्षी वाढत वाढत हजारांवर गेला. वाढल्यावर तो खेड्यांतल्या खांबांवर बसू लागला आणि तारांवर मरू लागला. आता तिथे वीज कंपनीला खांबांची रचना बदलायला लावण्याचं काम चाललंय. म्हणजे संकट सातासमुद्रापार तेच, आणि उत्तरही फार वेगळं नाही. पहिलं उत्तर शेतकऱ्याच्या कोठीत, दुसरं खांबावर.

आपल्याकडे पैसा येतो तो गेटवर. जिप्सी, रिसॉर्ट, मुक्कीचं बुकिंग. नागझिऱ्यात वाघिणी हव्यात म्हणून 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी गाडीत घालून आणल्या, रेडिओ कॉलर लावली, मंत्री आले. त्याला माझी हरकत नाही. नागझिरा ते कान्हा ही चालण्याची वाट मात्र आमच्याच तारांखालून आहे, तिच्यासाठी कुणी येत नाही. नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचमध्ये जनावरांसाठी उड्डाणपूल झाले, आणि कॅमेऱ्यांत वाघ खरोखर त्याखालून जाताना दिसले. रस्त्यावाल्यांना जमलं ते वीजवाल्यांना का जमू नये? मला तर वाटतं आम्हाला जास्त सोपं आहे. रस्ता हलवता येत नाही, खांब हलवता येतो.

यंदा जूनमध्ये सारस मोजायला टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक टोळीत त्या फीडरचा एक लाईनमन घ्या. पहाटे चारला उठायची सवय त्याला आहे, रस्ते ठाऊक आहेत, शेतकरी ओळखीचे आहेत. पक्षी मोजणाऱ्यांनी पक्षी मोजावेत. त्यानं फक्त सारस जिथे उठतो, बसतो, रात्री राहतो, तिथल्या खांबांचे नंबर वहीत लिहावेत. दोन्ही काठांचे. जुलैत घरटी बांधायला लागतील, तोवर एस्टिमेट करून मंजुरीला पाठवता येतं, आणि हिवाळ्यात धान निघाला की बांध्यांमधून गाडी जाते, तेव्हा काम होऊ शकतं. कुठला फीडर आधी घ्यायचा ते मला विचारलं तर नावासकट सांगतो, निवृत्त झालो असलो तरी.